दोरीला हात

समुद्रकाठी राहणाऱ्या मनुष्याला लेखनाची स्फूर्ती आपोआपच होत असली पाहिजे, असा पुष्कळांचा दृढ समज आहे. माझे पुण्यामुंबईचे स्नेही भेटले म्हणजे त्यांच्या बोलण्यात हा समज हटकून डोकावतो. ‘तुमचे काय बुवा, समोर समुद्र आहे!’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की, आता ते वाक्य सुरू होताच मी ते मनातल्या मनात पुरे करून टाकतो. समुद्र ही जणू एक विस्तीर्ण दौत आहे, आणि किनाऱ्यावरच्या माणसाने तीत टाक बुडवावयाचा, एवढाच काय तो उशीर!

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका लहानशा वाडीत मी गेली अठरा वर्षे राहतो. घरापासून समुद्र दोनशे पावलांवर आहे. मध्ये सुरूंची एक रांग, थोडे माड आणि गाबितांची पंचवीस-तीस घरे. सकाळी मी स्कूटरवरून तालुक्याच्या गावी महाविद्यालयात जातो, मुलांना इंग्रजी निबंधकार शिकवतो आणि दुपार कलल्यावर परत येतो. उरलेल्या वेळात लिहितो, निदान लिहावयास बसतो. या अठरा वर्षांच्या अनुभवावरून मी खात्रीने सांगू शकतो की, समुद्राने मला आजवर एकही वाक्य सुचविलेले नाही. या वाडीने मात्र मला पुष्कळ लिहावयास लावले. ते कसे, हेच या निबंधात सांगावयाचे आहे.

प्रथम माझ्या मेजाविषयी सांगतो, कारण पाहुण्यांची सर्वांत मोठी निराशा तेथेच होते. माझे मेज भिंतीकडे तोंड करून ठेवलेले आहे. समुद्राकडे उघडणारी खिडकी माझ्या पाठीशी येते. पहिल्या वर्षी मीही मेज खिडकीपाशीच मांडले होते, परंतु दुपारी खारे वारे सुटले म्हणजे कागद घरभर धावू लागत, त्यांच्यावर ठेवलेले दगड पुढे सरकत, आणि पाण्यावरून परतणारा उजेड डोळ्यांना इतका टोचे की अक्षर दिसेनासे होई. शिवाय वाऱ्याबरोबर जे मीठ येते ते कशालाच सोडीत नाही. लोखंडी कपाटाची बिजागरे दर दोन वर्षांनी बदलावी लागतात, स्कूटरला गंज चढतो, टाचण्यांचे डाग कागदावर उमटतात. समुद्र पाहावयाचा असेल तर उठून बाहेर जावे आणि लिहावयाचे असेल तर त्याला पाठ द्यावी, असा व्यवहारी तोडगा मी काढला. तो दोघांनाही मानवला आहे.

पुस्तकांची कहाणी याहून करुण आहे. आषाढ लागला की घराच्या पश्चिमेच्या बाजूला माडाच्या झावळ्यांची झापे बांधून आम्ही घर झाकून घेतो, तरी दमट हवा आत शिरतेच. पुस्तकांची पाने एकमेकांना चिकटतात, पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी धरते, आणि चार्ल्स लॅम असो वा विष्णुशास्त्री चिपळूणकर असोत, कसर दोघांतही समदृष्टीने हिंडते. पाऊस संपून ऑक्टोबरचे कडक ऊन पडू लागले म्हणजे मी सगळी पुस्तके अंगणात चटयांवर पसरतो. त्याच सुमारास शेजारच्या काकी आपल्या अंगणात सुकी मासळी घालतात. मध्ये कुंपण असे नाहीच. एका बाजूला बांगडे व सुंगटे, दुसऱ्या बाजूला निबंधसंग्रह. कावळ्यांना हाकण्यासाठी काकींनी ठेवलेली काठी दोन्ही मालांचे रक्षण करते. कावळे माझ्या बाजूला कधीच फिरकत नाहीत, हे मात्र काकींनी एकदा मुद्दाम माझ्या लक्षात आणून दिले.

येथे आल्यावर मला आणखी एक गोष्ट शिकावी लागली. महाविद्यालयात एक घड्याळ चालते आणि वाडीत दुसरे. महाविद्यालयाच्या घंटेला रविवार कळतो, तिथी कळत नाही. वाडीच्या घड्याळाला तिथीखेरीज काहीच कळत नाही. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, जे उत्तर येईल ती साधारणपणे पूर्ण भरतीची वेळ, हा हिशेब येथील पोराटोरांनाही तोंडपाठ असतो. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. जागेप्रमाणे थोडाफार फरक पडतो तो ज्याचा त्याने जाणावा. भरती दिवसातून दोनदा येते आणि दुसऱ्या दिवशी पाऊण तासाने मागे सरते. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात, अष्टमीच्या आसपासच्या मंद पाण्याला भांग म्हणतात. माझ्या वर्गातली वाडीची मुले काही दिवशी पेंगत का असतात आणि काही दिवशी ताजीतवानी का असतात, याचा उलगडा मला पंचांग पाहू लागल्यावर झाला. त्यांच्या हजेरीच्या वहीवर चंद्राचा अंमल चालतो.

आता माझ्या लेखनाकडे वळतो. येथे आलो तेव्हा माझ्या डोक्यात एका पुस्तकाचा आराखडा होता. इंग्रजी निबंध आणि मराठी लघुनिबंध यांच्या नात्याविषयी काही लिहावे असा विचार होता. त्याची चार प्रकरणे झाली आहेत. पाचवे प्रकरण गेली सहा वर्षे चालू आहे. त्याला उशीर होण्याचे कारण समुद्राचे आकर्षण नव्हे, तर वाडीतली एक हाक आहे: ‘मास्तरांनू, वायच लिवन देवा.’

ही हाक कोणत्याही वेळी येते. होडीच्या परवान्याचे नूतनीकरण, विजेच्या बिलाची तक्रार, विम्याचा दावा, जातीच्या दाखल्यासाठी अर्ज, शाळेत फी माफ व्हावी म्हणून विनंती, असे नाना विषय असतात. आज प्रत्येकाच्या हातात फोन आहे आणि मुलाबाळांशी बोलावयास कोणाला मास्तर लागत नाही. परंतु कचेरीशी बोलावयाची वेळ आली की माणसाची जीभ अजून जड होते, आणि कागद पुढे येतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेले तेव्हा आठ-दहा दिवस मी याखेरीज दुसरे काहीच केले नाही. कोणाचे कौलारू छप्पर उडाले होते, कोणाच्या होडीवर माड कोसळला होता. एका म्हाताऱ्याने आपल्या बारा माडांची हानी सांगताना प्रत्येक माड कोणी, कोणत्या वर्षी लावला तेही सांगितले. अर्जात त्याला जागा नव्हती, पण मी ते सगळे ऐकून घेतले. त्या पंधरवड्यात मी लिहिलेली पाने मोजली असती तर माझे पाचवे प्रकरण त्यांत सहज मावले असते.

एकदा काकींनी मला सरळच विचारले, ‘सर, तुमी दिवसभर लिवतास तां वाचता कोण?’

प्रश्नात उपहास नव्हता. आपण आणलेली मासळी कोण घेते हे त्यांना ठाऊक असते, मग माझा माल कोण घेतो हे त्यांनी का विचारू नये? मी म्हणालो, ‘महिन्याला एक मासिक निघते. त्यातून काही लोक वाचतात.’ त्या म्हणाल्या, ‘आणि अर्ज?’ अर्ज एकच माणूस वाचतो, असे मी म्हणालो. त्यावर त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, ‘मगे अर्जच बरो. एक तरी नक्की वाचता.’

हा प्रदेश काही लेखकांना अपरिचित नव्हे. आमच्या वाडीपासून थोड्या अंतरावर शिरोडे आहे. वि. स. खांडेकर तेथे १९२० साली शाळामास्तर म्हणून आले आणि १९३८ साली कोल्हापूरला गेले. आज ज्यांना आपण खांडेकर म्हणून ओळखतो ते बरेचसे या अठरा वर्षांत घडले. त्यांच्या डोळ्यांदेखत १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. त्या काळात त्यांचा दिवस वर्ग, शाळेचा प्रपंच आणि गावातल्या अडीअडचणी यांतच जात असला पाहिजे, आणि लेखन त्यांतून उरलेल्या वेळात होत असले पाहिजे. लेखकाला निवांतपणा लागतो असे म्हणणाऱ्यांनी ही अठरा वर्षे जरूर ध्यानात घ्यावीत. जवळच्याच आरवलीची माणसे जयवंत दळवी यांच्या ‘सारे प्रवासी घडीचे’मुळे महाराष्ट्रभर ठाऊक झाली. परंतु दळवींनी आपले आयुष्य मुंबईत नोकरी करून घालविले. गावावर लिहावयाचे तर गावापासून थोडे दूर जावे लागते की काय, हा प्रश्न माझ्या मनात त्यामुळे अनेकदा आला आहे.

खांडेकरांहून दूरचे उदाहरण घ्यावयाचे तर स्टीव्हन्सनचे आहे. इंग्रजी पाचवीपासून ‘ट्रेझर आयलंड’ वाचणाऱ्या आमच्या पिढीला हा लेखक परिचयाचा आहे. परंतु तो प्रकृतीसाठी पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटावर १८९० साली कायमचा राहावयास गेला व तेथेच १८९४ च्या डिसेंबरात वारला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सामोअन लोक त्याला ‘तुसितला’, म्हणजे गोष्टी सांगणारा, म्हणत. त्याने तेथे गोष्टी तर लिहिल्याच, परंतु त्या बेटावर ब्रिटन, जर्मनी व अमेरिका यांनी मांडलेल्या खेळाविषयी लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्रेही धाडली, आणि १८९२ साली त्या कारभारावर एक स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. तुरुंगात पडलेल्या सामोअन नायकांना त्याने मदत केली होती. ते सुटल्यावर त्यांनी आपण होऊन त्याच्या घरापर्यंत रस्ता बांधून दिला. कादंबरीकाराच्या घरी रस्ता जावा आणि तो वाचकांनी नव्हे, तर ज्यांच्या बाजूने त्याने लेखणी चालविली त्यांनी बांधावा, ही गोष्ट मला त्याच्या कोणत्याही कादंबरीपेक्षा कमी रम्य वाटत नाही.

माझ्या घरी रस्ता होताच. मला मिळाली ती दोरीवरची जागा. ती समजण्यासाठी रापण म्हणजे काय हे सांगितले पाहिजे.

रापण हे किनाऱ्यावरून ओढावयाचे फार मोठे जाळे. पावसाळा सरून समुद्र निवळला की रापणीचे दिवस सुरू होतात. पहाटे मतलई वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असतो. अशा वेळी जाळ्याच्या दोरीचे एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती देऊन होडी समुद्रात शिरते, जाळे सोडीत अर्धवर्तुळाकार जाते, आणि दुसरे टोक घेऊन लांबवर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या दोन रांगा लागतात आणि ओढणे सुरू होते. चाळीस-पन्नास माणसे दोन-दोन, तीन-तीन तास ओढतात. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत येतात. शेवटी जाळ्याचा घोळ वाळूवर येतो. कधी त्यात तारल्यांचा ढीग असतो, कधी पेडवे, कधी बांगडे, आणि कधी शेवाळ व चार खेकडे. मग जाळ्याचा व होडीचा भाग वेगळा काढून उरलेल्याचे वाटे पडतात. या वाट्यांचा नियम एकच: ‘ज्येचो हात दोरयेक, तेका वाटो.’ म्हातारा असो, बाई असो, शाळेला दांडी मारून आलेला पोर असो. दोरीला हात लागला की मूठभर तरी मासळी त्याची झाली. मी आलो त्या पहिल्या हिवाळ्यात केवळ कुतूहलाने दोरीला हात लावला, आणि तासाभराने माझ्यासमोर पाच तारल्या ठेवण्यात आल्या. मी त्या नाकारू लागलो तेव्हा तांडेलाने माझ्याकडे असे पाहिले की मी मुकाट्याने रुमाल पसरला. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी डाव्या रांगेत, काकींच्या मागे, माझी जागा ठरलेली आहे.

तीन वर्षांपूर्वी याच तांडेलाने मला एक अर्ज लिहावयास सांगितले. हा अर्ज नेहमीच्यापैकी नव्हता.

किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचे, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरांपर्यंतचे, पाणी मासेमारीच्या दृष्टीने राज्य सरकारच्या अखत्यारीत येते, आणि त्यासाठी १९८१ साली महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. मोठ्या यांत्रिक बोटी पर्ससीन नावाचे जाळे वापरतात. माशांच्या थव्याभोवती ते टाकून तळाची दोरी ओढली की जाळे बटव्यासारखे मिटते, आणि रापणीला महिनाभरात जेवढी मासळी मिळावी तेवढी एका फेरीत निघू शकते. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने या जाळ्यांवर काळाचे व क्षेत्राचे निर्बंध घातले. रात्री प्रखर विजेचे दिवे लावून मासे गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्र सरकारने २०१७ च्या नोव्हेंबरात बंदी घातली, आणि २०२१ साली राज्याने आपल्या कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढविले. कागदावर सर्व काही आहे. परंतु पाण्यावर रेघ ओढता येत नाही, हे आमच्या वाडीला कायदा होण्यापूर्वीपासून ठाऊक आहे. त्या वर्षी रात्री-अपरात्री दिव्यांच्या बोटी किनाऱ्याजवळ येऊन जात आणि सकाळची रापण रिकामी येई.

रापणकर मंडळी संध्याकाळी माझ्या पडवीत जमली. मी कागद घेऊन बसलो आणि एकेकाला विचारू लागलो. कोणत्या तारखेला? किती वाजता? किती अंतरावर? तारखा त्यांनी तिथींनी सांगितल्या, त्या मी पंचांगावरून उतरून घेतल्या. अंतराचा प्रश्न आला तेव्हा थोडा वेळ कोणी बोलेना. मैल कोणी मोजले होते? मग कोपऱ्यात बसलेला एक पोरगेला खलाशी म्हणाला, ‘इतक्यो जवळ इल्ल्यो की उजेडात आमी बोटीवरची माणसां मोजली. नऊ हुती.’

मी तीस वर्षे मुलांना चांगले गद्य कसे असते ते शिकवीत आलो आहे. ते इतक्या थोडक्या शब्दांत मला कधी शिकविता आले नाही. अंतर, रात्र, दिवा, भय आणि साक्ष, सगळे त्या एका वाक्यात होते. मी ते प्रमाण मराठीत घातले, पण त्यात एकही शब्द वाढविला नाही. अर्ज वाचून दाखविल्यावर एकेकाने सही केली, काहींनी अंगठा उठविला. काकींनीही सही केली. सही करताना त्या नेहमीपेक्षा अधिक वेळ कागदावर वाकून राहिल्या. त्याचे कारण मला दोन दिवसांनी कळले.

काकींचा धाकटा मुलगा माझा विद्यार्थी. वाणिज्य शाखेचा पदवीधर होऊन त्याने दोन वर्षे नोकरी शोधली, मग आणखी तिघांबरोबर भागी करून, बँकेचे कर्ज काढून, एका यांत्रिक बोटीत पैसा घातला. ती बोट पर्ससीनची होती. तो संध्याकाळी आला, पायरीवरच उभा राहिला आणि वर्गात बोलावे तशा शुद्ध मराठीत म्हणाला, ‘सर, अर्ज तुम्ही लिहिलात ना?’

मी ‘होय’ म्हणालो.

‘चांगला लिहिला आहे. आईने सांगितले.’ थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग एकाएकी त्याची भाषा बदलली. ‘पण सर, रापणीच्या वाट्यान माजो हप्तो फिटणा नाय. तां खंय लिवचा?’

ते कोठे लिहावयाचे, हा त्याचा प्रश्न. त्याची बोट त्या रात्री तेथे होती किंवा नाही हे त्याने सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. रापणकरांचे म्हणणे खरे होते; कायदा त्यांच्या बाजूचा होता, आणि समुद्रातली मासळी ही एका हंगामात उपसून नेण्याची वस्तू नव्हे हेही उघड होते. परंतु पदवी घेतलेल्या मुलाने पहाटे दोरीला हात लावून पाच तारल्यांवर समाधान मानावे, असे त्याला मी कोणत्या तोंडाने सांगणार? त्याला पदवीकडे ढकलणाऱ्यांत मी होतोच. मी इतकेच म्हणालो, ‘बस. तुझाही कागद लिहू.’ त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून बँकेला अर्ज लिहिला: पहिल्या अर्जाप्रमाणे सरकारने बंदोबस्त केला तर बोटीचे उत्पन्न कसे घटेल, हप्त्यांची मुदत वाढविल्यास ते कसे फेडता येतील, बोट दुसऱ्या जाळ्यासाठी फिरविण्यास किती खर्च येईल. त्याने आकडे दिले, मी वाक्ये दिली. एकाच लेखणीने दोन्ही बाजूंची कैफियत लिहिली, असे कोणी म्हणेल. म्हणोत. वकिलाला तसे करता येत नाही; शेजाऱ्याला करावे लागते.

ही गोष्ट वाडीत लपून राहणे शक्यच नव्हते. पुढच्या रविवारी मी किनाऱ्यावर गेलो तेव्हा बोलणी थांबली. माझ्या जागी, काकींच्या मागे, दुसराच कोणी उभा होता. मी रांगेच्या शेवटी जाऊन दोरी धरली. कोणी मला हटकले नाही, कोणी बोलावलेही नाही. ओढताना माझ्या पुढच्या माणसाची फक्त पाठ मला दिसत होती, आणि त्या दोन तासांत मी जितका एकटा होतो तितका माझ्या मेजापाशीही कधी झालेलो नाही. वाटे पडले तेव्हा मी परत फिरणार होतो. इतक्यात तांडेलाची हाक आली, ‘सरांनू, वाटो ऱ्हवलो.’ त्याने बांगडे मोजून माझ्यापुढे ठेवले. ना कमी, ना अधिक. त्याच्या मुद्रेवर स्नेह नव्हता, पण रागही नव्हता. हात दोरीला लागला होता, तेव्हा वाटा झाला. मी काय लिहिले हा प्रश्न निराळा आणि त्याचा निकाल निराळा लागावयाचा.

त्या दिवसापासून शहरातल्या लेखकाच्या आणि माझ्या स्थितीतला भेद मला नीट समजला. शहरातला लेखक ज्यांच्याविषयी लिहितो ती माणसे बहुधा त्याला पुन्हा भेटत नाहीत, आणि जे भेटतात त्यांनी बहुधा त्याचे वाचलेले नसते. त्याला वाचक पुष्कळ, साक्षीदार थोडे. माझे नेमके उलट आहे. येथे मी लिहिलेले वाचणारे फार नाहीत, पण मी लिहितो ते खरे की खोटे हे जाणणारे पंचवीस घरांत भरले आहेत, आणि ते दररोज सकाळी मला दिसतात. एखादे विशेषण अधिक पडले तर ते कोणावर पडले हे मला ठाऊक असते. गरिबीचे चित्र रंगवावयाचे तर ती गरिबी कुंपणापलीकडे मासळी वाळत घालीत असते. दूर जाऊन लिहिणारांना जी मोकळीक मिळते ती मला नाही, हे खरे. त्या मोकळिकीतून मोठे साहित्य निर्माण झाले आहे, हेही खरे. पण साक्षीदारांच्या देखत लिहिल्याने लेखणीला जे वळण लागते तेही काही अगदी टाकाऊ नसावे. निदान माझे पाचवे प्रकरण मी नव्याने लिहावयास घेतले आहे, आणि ते पूर्वीपेक्षा पुष्कळ आखूड होत आहे.

अर्जांचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतीलच. पहिल्या अर्जाची पोच आली. त्यानंतर काही दिवस गस्त वाढली आणि दिवे दूर गेले. पुढे ते पुन्हा जवळ आले, पुन्हा अर्ज गेला. असे तीन वर्षे चालले आहे, आणि माझ्या कपाटातली त्या अर्जांच्या प्रतींची फाइल आता बरीच जाड झाली आहे. बँकेने मुदत वाढवून दिली, परंतु मागितली होती त्याच्या निम्मीच. भागीदारांपैकी एकजण बाहेर पडला. काकींच्या मुलाचा हिस्सा अजून त्या बोटीत आहे. हप्ते फिटेपर्यंत तो काढता येत नाही. काकी दर रविवारी रापणीच्या दोरीला हात लावतात आणि मुलाच्या बोटीविषयी बोलत नाहीत. माझी जुनी जागा मला पुढच्या हंगामात परत मिळाली. कोणी ती दिली असे नाही. एका सकाळी ती मोकळी होती एवढेच.

हा निबंध मासिकाकडे धाडण्यापूर्वी मी त्या मुलाला बोलावून त्याच्याविषयीचा भाग वाचून दाखविला. त्याने लक्षपूर्वक ऐकले. नाव नको, असे तो म्हणाला. ते मी घातलेच नव्हते. मग जाता जाता पायरीवरून वळून म्हणाला, ‘पण सर, हप्त्याचे राहू द्या. ते गाळू नका.’